धागा: डॉलर-रुपयाचा छोटा सौदा चार्टवर आखावा का?

मसाला_मार्केट_तुर्भे
३ मे २०२४ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम स्पष्ट आहे: एक्स्चेंजवर रुपयाच्या वायद्यात (पुढच्या तारखेच्या डॉलरचा भाव आज ठरवणाऱ्या करारात) उतरायचं तर मागे खरं देणं किंवा येणं हवं. १० कोटी डॉलरपर्यंत कागद दाखवावे लागत नाहीत, पण व्यवहार असावाच लागतो. म्हणजे नुसता सट्टा बाद. तरी चार्ट बाद होत नाही, असं माझं म्हणणं. न्हावाशेव्याला बदामाचा कंटेनर येणार आहे, तीन आठवड्यांनी २०,००० डॉलर भरायचे आहेत. डॉलर आज बांधायचा की पुढच्या बुधवारी? हा छोट्या मुदतीचाच प्रश्न आहे आणि तो आखता येतो.

पद्धत अशी. रोजच्या चार्टवर २० दिवसांचा ईएमए (अलीकडच्या भावांना जास्त वजन देणारी सरासरीची रेघ) लावा, आणि गेल्या दोन महिन्यांत भाव जिथून उलटला त्या पातळ्या आखा. भाव ईएमएच्या वर असेल तर तो खाली टेकायची वाट बघा. टेकला, आणि तासाच्या चार्टवर एखादी कॅन्डल (एका तासातल्या भावांची पट्टी) आदल्या कॅन्डलच्या वर बंद झाली, की घ्या. १४ दिवसांचा एटीआर (भाव दिवसाला सरासरी किती हलतो तो आकडा) समजा २० पैसे आहे. आधार (भाव जिथून वर उलटला ती पातळी) खरेदीपासून ५ पैसे खाली, त्याखाली अर्धा एटीआर, म्हणजे स्टॉप (तोटा थांबवायला विकून टाकायचा भाव) खरेदीच्या १५ पैसे खाली. लॉट (वायद्याचं एक एकक) १,००० डॉलरचा, म्हणून एक पैसा म्हणजे लॉटमागे १० रुपये. २० लॉटला जोखीम ३,००० रुपये.

वागळे_रोड_१६
गणित बरोबर, पण चार्ट कुठला? फुकटच्या साइटवर दिसतो तो स्पॉट (लगेचच्या व्यवहाराचा भाव), तोही चोवीस तासांचा. वायदा सकाळी ९ ते संध्याकाळी ५. स्पॉटच्या चार्टवर रात्रीच्या चुकीच्या कोटेशनमुळे लांब शेपट्या उमटतात. त्या भावाला कोणीही सौदा केलेला नसतो, आणि लोक तिथे आधार म्हणून रेघ मारतात.

वायद्याचा जोडलेला चार्ट (एकामागून एक महिन्यांचे करार जोडून केलेला) घेतला तर दुसरंच दुखणं. चालू महिना ८५.४०, पुढचा ८५.५८. महिना बदलला त्या दिवशी चार्टवर १८ पैशांची उडी दिसते. बाजार जागचा हललेला नसतो, तो फक्त प्रीमियम, म्हणजे पुढच्या महिन्याचा जादा भाव असतो. तुमचा एटीआर २० पैशांचा! रेझिस्टन्स (वरचा अडथळा) तुटला म्हणून घेणारा माणूस त्या दिवशी कॅलेंडर विकत घेत असतो.

मसाला_मार्केट_तुर्भे
मान्य. म्हणून जोडलेला चार्ट वापरायचाच नाही. ज्या महिन्याचा वायदा घ्यायचा त्याच एका कराराचा चार्ट उघडा. जुना इतिहास लागलाच, तर बदलाच्या दिवशीचा फरक मागच्या सगळ्या भावांत मिळवून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे.

पामबीच_सिग्नल
मूळ दुखणं वेगळंच आहे. आधार-अडथळा म्हणजे बाजाराची आठवण, हे ठीक. पण डॉलर-रुपयात सगळ्यात मोठा विक्रेता रिझर्व्ह बँक आहे. २०२३ च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये डॉलर साधारण ८२.६ ते ८३.५ एवढ्याच पट्ट्यात होता. बोलिंजर बँड (सरासरीच्या वर-खाली, चढउताराप्रमाणे रुंद-अरुंद होणाऱ्या रेघा) आक्रसले की मोठी चाल येते, असं पुस्तक सांगतं. तिथे आक्रसलेलेच राहिले. उलट १० फेब्रुवारी २०२५ ला डॉलर ८८ च्या तोंडाशी गेला, दुसऱ्या दिवशी विक्री आली आणि तो ८७ च्या खाली बंद झाला. ब्रेकआउट (अडथळा तुटून पुढे जाणारा भाव) पकडून १५ पैशांचा स्टॉप लावणाऱ्याने करायचं काय?

स्टॉपचंही ऐका. ट्रिगर (ऑर्डर जागी होण्याचा भाव) ८५.२५, लिमिट (ज्याखाली विकायचं नाही तो भाव) ८५.२२ लावलीत. भावाने उडी मारून ८५.१५ गाठला, तर ऑर्डर जागी होते पण लटकून राहते. आणि २०२४ नंतर ऑर्डर बुक पातळ झालंय, म्हणजे घेणारे-विकणारे कमी झालेत. घेण्या-देण्यात २ पैशांचं अंतर पडलं तर २० लॉटला ४०० रुपये तिथेच गेले, तेही तुमच्या ३,००० पैकी.

वागळे_रोड_१६
याच्याही पुढचं कोणी बोलत नाहीये. तुर्भेकर, तुमच्यामागे २०,००० डॉलरचं बिल उभं आहे. मग स्टॉप कशाला? डॉलर ५० पैसे पडला तर वायद्यात १०,००० रुपये जातात, पण बिलही तेवढंच स्वस्त होतं. हिशेब शून्य. स्टॉप लागला की वायदा सुटतो आणि बिल उघडं पडतं. त्यानंतर डॉलर वर फिरला तर वायद्याचा तोटाही तुमचा आणि महाग डॉलरही तुमचाच. स्टॉप हे सट्ट्याचं हत्यार आहे, ते हेजिंगला (खऱ्या देण्याच्या संरक्षणासाठी घेतलेल्या सौद्याला) चिकटवलंत की हेजिंगचा सट्टा होतो.

मसाला_मार्केट_तुर्भे
हा मुद्दा लागला. मग आखणी बदलतो. २० पैकी १२ लॉट बिल आल्या दिवशीच, चार्ट न बघता, स्टॉपशिवाय. उरलेले ८ चार्टवर: ईएमएला टेकला तर घ्या, आणि वरचा अडथळा ओलांडून दिवस बंद झाला तर टेकायची वाट न बघता घ्या. खाली स्टॉप नाहीच. स्टॉपऐवजी तारीख: भरणा करायच्या पाच कामकाजाच्या दिवस आधी जे राहिलेत ते मिळेल त्या भावाला.

वागळे_रोड_१६
आता ऐकण्यासारखं झालं. पण स्टॉप काढलात तर मार्जिन (ब्रोकरकडची अनामत) वाढवून ठेवा. रोजचा तोटा रोज खात्यातून जातो, बिलाचा फायदा मात्र भरणा होईल तेव्हाच. खातं आटलं की ब्रोकर तुमच्या वतीने स्टॉप मारतो. २० लॉटला एक रुपयाची उलटी चाल म्हणजे २०,००० रुपये, तेवढे मार्जिनच्या वर मोकळे हवेत.

पामबीच_सिग्नल
८ लॉटचं तरी मला पटलेलं नाही. चार्टने किती वाचवायचे? १० पैसे चांगला भाव मिळाला तर ८०० रुपये. त्यासाठी तीन आठवडे तासातासाला कॅन्डल बघायच्या? त्यापेक्षा दर सोमवारी ठरावीक लॉट घ्या, सरासरी पडेल. आणि अमेरिकेचे रोजगाराचे आकडे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी ६ ला, हिवाळ्यात ७ ला येतात. फेडचा (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा) व्याजदराचा निर्णय रात्री साडेअकरा किंवा साडेबाराला. वायदा ५ लाच बंद. तासाचा चार्ट नेमका महत्त्वाच्या वेळी झोपलेला असतो आणि सकाळी ९ ला गॅप (आदल्या बंद भावापासून उडी) दाखवतो.

मसाला_मार्केट_तुर्भे
त्या दोन दिवशी नवीन लॉट घ्यायचाच नाही, हाही आखणीचाच भाग. ८०० रुपये थोडे वाटतात, पण वर्षाला बारा कंटेनर असले की थोडे राहत नाहीत.

घोडबंदर_जंक्शन
एक भर घालतो. वायदा महिन्याच्या शेवटच्या कामकाजाच्या दिवसाच्या दोन कामकाजाचे दिवस आधी, दुपारी १२:३० ला संपतो. हिशेब त्या दिवशीच्या एफबीआयएलच्या (बाजाराचे अधिकृत दर काढणाऱ्या संस्थेच्या) संदर्भ दरावर, आणि तो दर साडेअकरा ते साडेबारा या तासातल्या बँकांच्या सौद्यांवरून निघतो. बिल त्याच आठवड्यात असेल तर त्या तासाच्या कॅन्डलवरून काही ठरवू नका, पुढच्या महिन्याचा वायदा घ्या. आणि व्हॉट्सॲपवरून कोणी परदेशी ॲपवर युरो-डॉलरचा चार्ट 'जास्त स्वच्छ' म्हणून विकत असेल, तर आधी रिझर्व्ह बँकेची अलर्ट लिस्ट (परवानगी नसलेल्या ॲप-साइटची यादी) उघडा. यादीत नाव नसलं म्हणून परवानगी आहे असं होत नाही. असा सौदा फेमात (परकीय चलनाच्या कायद्यात) बसत नाही.

पामबीच_सिग्नल
पुढच्या महिन्याचा घेतला की १८ पैसे प्रीमियम आला. तीस दिवसांत तो झिजतो, दिवसाला सुमारे अर्धा पैसा. खरेदीदाराच्या खिशातून. तुमच्या ८०० रुपयांतून तेवढे वजा करून सांगा, तुर्भेकर.