व्हाइट वाइनचं किट: हायड्रोमीटर थांबलाय पण जीभ चुणचुणते, बाटल्या भरू का?

टोरांटोकर:
नमस्कार मंडळी, सोव्हिन्यों ब्लांक या व्हाइट वाइनचं, घरी वाइन करायचं २३ लिटरचं किट लावलंय. सुरुवातीला हायड्रोमीटरचं (घनता मोजून साखर किती उरली ते सांगणारं उपकरण) रीडिंग १.०८५ होतं, आता ०.९९४, परवा तेवढंच, काल तेवढंच, म्हणजे फर्मेंटेशन (आंबणं) संपलं असं धरतोय. पण चव घेतली तर जिभेला चुणचुणतं, घशाला कडक लागतं आणि दिसायला लिंबू सरबतासारखी गढूळ. दिवाळीला सगळे जमणारेत तेव्हा काढायचीये. आत्ता भरू का?

कार्बॉय_काका:
अजिबात नको! चुणचुणतोय तो कार्बन डायऑक्साइड, यीस्टनेच केलेला, वाइनमधे विरघळून बसलाय. सायफनने तळाच्या गाळावरून दुसऱ्या कार्बॉयमधे (अरुंद मानेच्या मोठ्या बाटलीत) काढा (किटच्या कागदावर गाळासकट ढवळा लिहिलं असेल तर तसं करा), सल्फाइट आणि सॉर्बेटच्या पुड्या (वाइन टिकावी, पुन्हा आंबू नये म्हणून) टाका आणि ड्रिलला लावायचा दांडा मिळतो त्याने ढवळत रहा, फेस यायचा थांबेपर्यंत. वाइन गार असेल तर गॅस सुटत नाही, २०-२२ डिग्रीला आणा आधी. गॅस राहिला तर गाळही नीट बसत नाही, म्हणून फायनिंग (वाइन निवळायला घालायचे पदार्थ) त्यानंतरच.

सायली_एडमंटन:
काकांशी सहमत. फायनिंगमधलं कायटोसान बहुतेक वेळा कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून केलेलं असतं, शाकाहारी किंवा अ‍ॅलर्जीवाले पाहुणे असतील तर बघा, नुसतं थांबूनही वाइन निवळते फक्त वेळ जास्त लागतो. आणि कडकपणाला घाबरू नका, नवी वाइन अशीच लागते, बाटलीत दोन-तीन महिने राहिली की खूप फरक पडतो. भरल्याभरल्या चाखू नका, तेव्हा वास-चव दबलेली असते. पिताना १० डिग्रीच्या आसपास ठेवा, एकदम बर्फगार केली तर सुगंधच कळत नाही. सोबत रवा लावून तळलेली सुरमई, अहाहा!

नाशिककर:
हे किट इकडे मागवता येईल का?

कार्बॉय_काका:
मागवू नका, महाराष्ट्रात लायसन्सशिवाय घरी वाइन करणं बेकायदा आहे. तुमच्याकडे तर तयार चांगली मिळते की, सुला वाइनरीने २००० साली पहिल्या वाइन काढल्या त्यात सोव्हिन्यों ब्लांक होतीच.

टोरांटोकर:
धन्यवाद, थांबतो मग. अजून एक, गाळ सोडून काढल्यावर कार्बॉयमधे वर जागा राहते, चालेल?

कार्बॉय_काका:
नाही चालणार, हवा लागून रंग तपकिरी होतो आणि सुगंध जातो. तशीच एखादी साधी ड्राय व्हाइट वाइन आणून मानेपर्यंत भरा. पाणी नका घालू.