कात्रजचे संग्रहालय इतके दिवस बंद का होते?

कोरोनाकाळात पुणे शहरातील बागा उघडल्यानंतरही कात्रजचे राजीव गांधी प्राणिसंग्रहालय बंदच का ठेवले, असा प्रश्न विचारला जातो. तो रास्त आहे, परंतु त्याचे उत्तर केवळ प्रेक्षकांच्या गर्दीत शोधता येणार नाही. एप्रिल २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातील वाघिणीला कोरोनाची लागण झाल्याचे सिद्ध झाले आणि मे २०२१ मध्ये हैदराबादच्या नेहरू प्राणिसंग्रहालयातील ८ आशियाई सिंह बाधित आढळले. त्यानंतर महिन्याभरातच चेन्नईजवळील वंडलूर येथे बाधित सिंहिणीचा मृत्यू झाला. विषाणू पेशीत शिरताना ज्या प्रथिनाला चिकटतो, ते मार्जारकुळातील प्राण्यांमध्ये माणसाच्या प्रथिनाशी बरेच मिळतेजुळते असल्याने वाघ-सिंहांना हा धोका खराच होता.

केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने एप्रिल २०२० मध्येच प्राण्यांवर चोवीस तास लक्ष ठेवण्याची आणि संरक्षक साधनांशिवाय त्यांच्याजवळ न जाण्याची सूचना दिली होती. रोज खाद्य देणे आणि पिंजरे स्वच्छ करणे तर टाळेबंदीतही थांबवता येत नव्हते. म्हणूनच या विषयाच्या चर्चेत ज्यांचा उल्लेखही होत नाही, त्या प्राणिरक्षकांविषयी मला विशेष आदर वाटतो.

मार्च २०२० पासून बंद असलेले हे संग्रहालय मार्च २०२२ मध्ये पुन्हा खुले झाले. मुलांची ओढ मी समजू शकतो, तरीही ही दीर्घ प्रतीक्षा मला योग्यच वाटते. जाताना बुधवार टाळावा, कारण त्या दिवशी साप्ताहिक सुट्टी असते. आणि घरात कोणाला सर्दी-खोकला असेल, तर कृपया भेट पुढे ढकलावी.