सरेंडर व्हायचंय, पुढे काय होतं? अनुभव लिहा

मामेभावाचं अपील फेटाळलं गेलं. चेक न वटल्याची केस. पंधरा दिवसांत म्हापशाच्या कोर्टात हजर व्हायचं, तिथून कोलवाळच्या जेलात. २०१५ साली आग्वाद जेलचे कैदी तिकडे हलवले, एवढंच आम्हाला पेपरातून ठाऊक. मामी रात्रभर जागी असते. स्वतः भोगलंय किंवा घरचं माणूस आत होतं, त्यांनी कृपया लिहा. नावं नकोत.

डिचोलीहून

माझीही चेकचीच केस, कलम १३८. सहा महिने साधी कैद. वकील म्हणाले, स्वतःहून जा, वॉरंट निघालं तर जीप दारात येईल आणि वाडा बघेल. गेलो. बायकोला घरीच थांबवलं. घड्याळ, अंगठी, मोबाइल भावाकडे दिला तेव्हा हात थरथरत होते.

सकाळी साडेदहाला गेलो तो संध्याकाळपर्यंत बाकावरच. कागद तयार व्हायचे, मग सरकारी इस्पितळात तपासणी, मग जेल. तुमच्या मामेभावाला सकाळी पोटभर जेवून जायला सांगा. गेटवर अंगझडती झाली, अंगावरच्या खुणा लिहून घेतल्या, बोटांचे ठसे घेतले. कपडे उतरवताना फार लाज वाटली, पण ते दोन मिनिटांत संपलं.

पहिल्या रात्री झोप नाही. दिवा चालूच असतो. शेजारच्या पेडण्याच्या पक्क्या कैद्याने हळूच सांगितलं, "कोणाक केस विचारूं नाका, कोणाची विडी घेवूं नाका." तेवढं पाळलं आणि माझ्या वाटेला कोणी गेलं नाही. उधारीवरूनच भांडणं होताना पाहिली.

दिवस सरतो. गणती, चहा, जेवण, अंघोळीची रांग. संध्याकाळी बराक लवकर बंद होते आणि तिथून सकाळपर्यंतचा वेळ संपता संपत नाही. मी वाचनालयातून पुस्तकं आणायचो, अक्षर न येणाऱ्यांची पत्रं लिहून द्यायचो. सगळ्यात वाईट गेली चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी. घरी गणपतीवरची फळा-पानांची माटोळी कोण बांधत असेल, हाच विचार दिवसभर.

साखळीहून

माझे बाबा आत होते. त्यांना मधुमेह. दिलेल्या गोळ्या गेटवरच राहिल्या, पण डॉक्टरांची चिठ्ठी आणि जुने रिपोर्ट कागदांसोबत होते म्हणून दुसऱ्या दिवशी आतून औषध सुरू झालं. चिठ्ठीच्या दोन झेरॉक्स ठेवा. मुलाखतीला, म्हणजे जेलमध्ये भेटायला जाताना, मूळ ओळखपत्र न्या.

पहिल्या मुलाखतीत आई आणि मी नुसत्या रडलो, वेळ संपला. पुढच्या वेळी मी यादी करून गेले. काजूची बाग कोणाला द्यायची, पंप दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा, हे बाबांनाच विचारलं. त्यांचा चेहरा बदललेला मी पाहिला. घरातलं त्यांना विचारत राहा.

आणि एक. "आत माझी ओळख आहे, चांगली बराक मिळवून देतो" म्हणत एका माणसाने आमच्याकडून पंधरा हजार नेले. काहीच झालं नाही. असल्या कोणाला पैसे देऊ नका.

फोंड्याहून, वकील

चेकच्या प्रकरणात तडजोड अपिलानंतरही होऊ शकते, १३८ च्याच कायद्यातलं कलम १४७ बघा. फिर्यादीशी बोलणं तोडू नका. अपील फेटाळल्यावर पर्वरीला हायकोर्टात रिव्हिजन (निकाल तपासण्याचा अर्ज) करून शिक्षेला स्थगिती मागता येते. पंधरा दिवस वाया घालवू नका, आजच वकिलांना विचारा. खटल्याच्या काळात कोठडीत दिवस काढले असतील तर ते शिक्षेतून वजा होतात, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४२८, १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं ४६८. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक १५१००. कोठडीतल्या माणसाला मिळकत न बघता मोफत वकील मिळतो.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. मामी विचारते, चष्मा राहू देतात का? आणि तिने कोर्टात यावं का?

डिचोलीहून

माझा राहिला होता. काचेचा नंबर लिहून घरी ठेवा, फुटला तर नवा करून देता येतो.

मामींना येऊ द्या. बायकोला मी घरी ठेवलं ते तिला त्रास नको म्हणून. ती त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ओसरीवर बसून होती, मी कधी आत गेलो हे तिला रात्री शेजाऱ्याकडून कळलं.