सॅक्सोफोन कोणाचा, ते तर बघा!

ब्रिटिश रॉक बँड रोलिंग स्टोन्सचा ड्रमर चार्ली वॉट्स जॅझवेडा होता, त्यावरून रॉक गाण्यांतल्या जॅझवाल्यांबद्दल थोडं. स्टोन्सच्या १९८१ च्या 'टॅटू यू' अल्बममधलं 'वेटिंग ऑन अ फ्रेंड' ऐका. त्यातला तो सैलसर, गप्पा मारल्यासारखा सॅक्सोफोन साक्षात जॅझमधल्या दिग्गज सॉनी रोलिन्सचा! अल्बमवर नाव मात्र नव्हतं. त्यामुळे इथे सोलापुरात नव्या पेठेतून आणलेल्या कॅसेटची आम्ही पारायणं केली, पण वाजवणारा कोण याचा पत्ताच नाही.

त्याहून भारी म्हणजे स्टीली डॅन या अमेरिकन रॉक बँडचं १९७७ चं 'एजा' हे गाणं. जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसकडे वाजवलेला वेन शॉर्टर वर सॅक्सोफोनवर, खाली स्टीव्ह गॅडचे ड्रम्स. दोघं असे काही भिडतात की गाणं कुणाचं हेच विसरायला होतं. गायक बिली जोएलकडचा सॅक्सोफोनवाला फिल वूड्सही छानच, पण शॉर्टरपुढे जरा गुळमुळीत वाटतो (मारू नका).