सूक्ष्मशैवालाची कापणी, काढणी की गाळणी?

सूक्ष्मशैवालापासून इंधन बनवण्याबद्दलच्या मजकुरात 'हार्वेस्टिंग'साठी हे तिन्ही शब्द दिसतात. योग्य कोणता? आणि 'बायोमास'ला, म्हणजे हाती येणाऱ्या शैवालाच्या मालाला, काय म्हणावं?

— काढणी. कापण्यासारखं तिथे काही नसतं. उघड्या उथळ तळ्यात लिटरभर पाण्यामागे कोरडा माल जेमतेम अर्धा ते एक ग्रॅम, म्हणजे किलोभर मालासाठी हजार-दोन हजार लिटर पाणी बाजूला करायचं. 'गाळणी' स्पिरुलिनासारख्या धाग्यांच्या सूक्ष्मशैवालाला शोभते. तिचे मळसूत्री धागे 30-50 मायक्रोमीटरच्या जाळीवर अडकतात. क्लोरेला या दुसऱ्या सूक्ष्मशैवालाच्या सुट्या पेशी त्याच जाळीतून सरळ निघून जातात. बायोमासला जैवभार चालेल, पण ओला की कोरडा ते लिहाच.

— काढणी हे सगळ्या कामाचं नाव झालं. आतल्या टप्प्यांना साकळणं (पेशींच्या गुठळ्या होणं), साका (तळाशी बसलेल्या गुठळ्या) आणि लगदा हे शब्द आहेतच की! पेशींवर ऋणभार असल्याने त्या एकमेकींना दूर लोटतात. पीएच साधारण 10.5 च्या वर नेला की पाण्यातल्या मॅग्नेशियमचं हायड्रॉक्साइड बनतं आणि पेशी त्यात साकळतात. मॅग्नेशियमच कमी असेल तर पीएच चढूनही गुठळ्या नीट धरत नाहीत. तुरटीनेही साका बसतो, पण ॲल्युमिनियम मालात उतरतं; पशुखाद्यासाठी तो माल नको. साका सेंट्रिफ्यूजमधून (वेगाने फिरवून पाणी वेगळं करणाऱ्या यंत्रातून) फिरवला की 15-20 टक्के घन असलेला लगदा मिळतो.

— माझा आक्षेप 'तेल' या शब्दाला. 'शैवालात 40 टक्के तेल' असं लिहितात तेव्हा बहुधा एकूण लिपिड (सगळे मेदयुक्त पदार्थ) मोजलेलं असतं. त्यात पेशीपटलातली लिपिडं येतात, द्रावकात हरितद्रव्यही उतरतं. त्या सगळ्याचं बायोडिझेल होत नाही. शिवाय असा मोठा आकडा नायट्रोजनचा पुरवठा तोडल्यावर येतो आणि तेव्हा पेशींची वाढ थंडावते. टक्का चढला म्हणून रोजचं उत्पादन चढलं असं नाही. 'लिपिड' हाच शब्द ठेवावा.

— सहमत. त्या लिपिडात मुक्त मेदाम्लं किंवा पाणी राहिलं आणि नेहमीसारखं मिथेनॉल व अल्कली घालून 60 अंशांवर ढवळलं, तर साबण होतो आणि ग्लिसरीनचा थर सुटत नाही. म्हणून मुक्त मेदाम्लं असतील तर आधी आम्ल उत्प्रेरक वापरतात.

— ओला लगदाच 300-350 अंश सेल्सिअस आणि 100-200 बार दाबाखाली शिजवला तर जे मिळतं त्याला मात्र 'जैव कच्चं तेल' म्हणावं, बायोडिझेल नव्हे. प्रथिनांतला नायट्रोजन त्यात उतरलेला असतो; हायड्रोजन देऊन तो काढल्याशिवाय ते इंजिनात घालता येत नाही.