घटना खरी असली म्हणजे प्रचारातलं चित्र प्रामाणिक ठरतं का?

कौलारू
अमेरिकेतल्या १९८८च्या अध्यक्षीय निवडणुकीत रिपब्लिकन जॉर्ज बुश यांच्यासमोर मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर, डेमोक्रॅट मायकेल डुकाकिस उभे होते. तुरुंगातून रजेवर सुटून गुन्हे करणाऱ्या विल्यम हॉर्टन या कृष्णवर्णीय कैद्याची, डुकाकिस यांच्याविरुद्धची जाहिरात आजही 'घटना खरी होती, मग गैर काय' असं म्हणून सोडून दिली जाते. मला हे अजिबात पटत नाही.

आधी जाहिरात नीट बघू. लांबी ३० सेकंद. बनवणारा गट बुश यांचा अधिकृत प्रचार विभाग नव्हता, त्यांना पाठिंबा देणारा स्वतंत्र गट होता. सुरुवातीला बुश आणि डुकाकिस यांचे फोटो, मग गुन्हेगारीबद्दल दोघांची भूमिका. त्यानंतर हॉर्टनचा पोलिसांनी काढलेला कृष्णधवल फोटो, चेहऱ्याने भरलेली चौकट, विस्कटलेले केस, वाढलेली दाढी. पडद्यावर अपहरण, भोसकणं, बलात्कार असे शब्द येतात आणि शेवटी पुन्हा डुकाकिस. वंशाबद्दल अवाक्षर नाही. त्याची गरजच नव्हती, कारण ते काम फोटो करतो. गोऱ्या मतदाराच्या मनात 'काळा गुन्हेगार' हा साचा पिढ्यानपिढ्या तयार आहे. जाहिरातीने त्यावर फक्त डुकाकिस यांचं नाव चिकटवलं.

अवधूत_म
साचा आहे हे मान्य. पण मुद्दा खोटा होता का? हॉर्टन जन्मठेपेचा कैदी. मॅसॅच्युसेट्समधून फर्लोवर, म्हणजे कैद्याला मिळणाऱ्या तात्पुरत्या रजेवर, सुटला, १९८६मध्ये परत आलाच नाही आणि १९८७मध्ये मेरीलँडमध्ये एका जोडप्यावर त्याने भयंकर अत्याचार केले. खुनाच्या कैद्यांना फर्लो नको, असं विधेयक १९७६मध्ये विधिमंडळाने मंजूर केलं होतं, त्यावर गव्हर्नर म्हणून डुकाकिस यांनीच नकाराधिकार वापरला. ही बातमी स्थानिक वृत्तपत्राने लावून धरली, त्याबद्दल त्यांना पत्रकारितेचं पुलित्झर पारितोषिक मिळालं. फर्लोचा विषय एप्रिल १९८८च्या वादसभेत आधी काढला तो डुकाकिस यांच्याच पक्षाच्या अल गोर यांनी. गव्हर्नरच्या निर्णयाचा जाब विचारायचा आणि गुन्हेगार काळा आहे म्हणून त्याचा चेहरा झाकायचा? मग पीडितांनी काय करायचं?

कौलारू
चेहरा झाका असं मी म्हणत नाही. काय वगळलं ते पाहा. ही फर्लो योजना १९७२मध्ये सुरू झाली, तेव्हा गव्हर्नर रिपब्लिकन होते. रेगन-बुश यांच्याच काळात केंद्र सरकारच्या तुरुंगांतूनही फर्लो मिळत होता. मॅसॅच्युसेट्समध्ये अशा कैद्यांचा फर्लो एप्रिल १९८८मध्ये कायद्याने बंद झाला, त्यावर सही डुकाकिस यांचीच. जाहिरात लागली सप्टेंबरमध्ये. म्हणजे ज्या धोरणाची भीती घातली ते तेव्हा अस्तित्वातच नव्हतं.

नावाचंही तेच. तो स्वतःला विल्यम म्हणवत असे. 'विली' हे रूप प्रचाराने रूढ केलं. आपल्याकडे एखाद्याचं नाव मुद्दाम अरेतुरेत घेतलं की काय होतं ते वेगळं सांगायला नको.

शाईवाला
चेहरा काळवंडवल्याचे आरोप दर निवडणुकीत होतात. काही खरे असतात, बरेच फुसके. पडताळणीची रीत अशी.

जाहिरातीतला फोटो उलट-शोधाने, म्हणजे फोटोच देऊन इंटरनेटवर शोध घेऊन, मूळ फोटोपर्यंत न्या. तोच क्षण हवा, 'साधारण तसाच' चालत नाही. मग कपाळ, गाल आणि सदऱ्याची कॉलर अशा तीन जागी रंगाचे आकडे घ्या. तिन्ही सारख्या प्रमाणात उतरले असतील तर अख्खी चौकट गडद केली आहे. कॉलर पांढरीच राहिली आणि गाल उतरला, तर चेहऱ्यावर वेगळं काम झालंय.

फसगत इथे होते: व्हिडिओमध्ये काळा-पांढरा १६ ते २३५ असा साठवतात, संगणकाच्या चित्रात ० ते २५५. ही सीमा चुकीची वाचली गेली की सावल्या आपोआप काळ्याकुट्ट होतात. वर्तमानपत्राच्या कागदावर शाई पसरते, मधल्या छटेचा ठिपका पंचवीस-तीस टक्क्यांनी फुगतो. आणि रंगीत फोटो कृष्णधवल करताना लाल भाग कमी करून निळा वाढवला की कोणाचीही त्वचा गडद दिसते, कारण त्वचा लाल प्रकाश जास्त परावर्तित करते. ही शेवटची गोष्ट आपोआप होत नाही, ती करावी लागते.

२००८मध्ये हिलरी क्लिंटन यांच्या जाहिरातीत ओबामा काळे केले असा गदारोळ झाला. चित्र गडद होतं, पण ते वांशिक हेतूने केल्याचं सिद्ध झालं नाही. उलट २०२०मध्ये अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातले सिनेटर डेव्हिड पर्ड्यू यांच्या फेसबुक जाहिरातीत त्यांचे ज्यू प्रतिस्पर्धी जॉन ऑसॉफ यांचं नाक मोठं झालं होतं. मोठं नाक हा ज्यूंबद्दलचा जुना साचा. दोन्ही फोटो एकावर एक ठेवा, डोळ्यांच्या बाहुल्या जुळवा. बाकी चेहरा जागच्या जागी बसतो, नाकच बाहेर जातं. बाहेरच्या ठेकेदाराकडून फिल्टरमुळे चुकून झालं, असा खुलासा आला आणि जाहिरात काढली. फक्त नाक वाढवणारी चूक माझ्या गळी उतरत नाही.

अवधूत_म
नाकाबाबत मी तुमच्याबरोबर आहे, ती सरळ बनावट. पण मापाने पकडता येतं त्यावरच थांबा. स्वित्झर्लंडमध्ये २००७ला एका पक्षाने पोस्टर काढलं: राष्ट्रध्वजावर तीन पांढऱ्या मेंढ्या, त्यातली एक काळ्या मेंढीला लाथ मारून हाकलते. पक्षाचं म्हणणं, 'काळी मेंढी' हा वाक्प्रचार आहे, गुन्हेगार परदेशींना घालवा एवढाच अर्थ. तुम्ही भाषेलाच आरोपी करणार का?

ऋजुता
वाक्प्रचार कागदावर वाक्प्रचारच असतो. पण परदेशींच्या हकालपट्टीच्या मोहिमेत रंगावरून वेगळी काढलेली मेंढी ध्वजाबाहेर फेकली जाते, तेव्हा पाहणारा रंगच वाचतो. आपल्याकडे साठच्या दशकातल्या मुंबईत 'हटाव लुंगी, बजाव पुंगी' होतंच. लुंगी हे नुसतं वस्त्र. घोषणेत ती अख्ख्या दाक्षिणात्य समाजाची ओळख झाली, आणि नोकरीतल्या माणसाशी असलेला वाद त्याच्या कमरेच्या कापडावर आला. मराठी माणसाची बेकारी खरी होती. म्हणून लुंगीचं चित्र न्याय्य ठरत नाही.

कायद्याचंही बोलू. आपल्याकडे लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२३(३अ) धर्म, वंश, जात, समाज, भाषा यांवरून वैर वाढवणं हे भ्रष्ट आचरण मानतं. १२७अ प्रमाणे पोस्टरवर मुद्रक-प्रकाशकाचं नाव-पत्ता लागतोच. टीव्हीवरच्या राजकीय जाहिरातीला माध्यम प्रमाणन समितीची आधी मंजुरी लागते. नोंदणीकृत पक्षाने तीन दिवस आधी अर्ज करायचा, जाहिरातीच्या दोन प्रती आणि साक्षांकित संहिता जोडायची. माझी हरकत इथे आहे. संहिता शब्दांची असते. चौकटीत चेहरा किती मोठा, कोणानंतर कोण येतं, रंग बदललाय का, हे तिच्यात उतरत नाही. मूळ फोटोही सोबत मागवायला हवा.

अमेरिकेत उमेदवाराच्या स्वतःच्या जाहिरातीला वाहिनी कात्री लावू शकत नाही, त्रयस्थ गटाची मात्र नाकारू शकते. म्हणजे हॉर्टनची जाहिरात नाकारता आली असती.

अवधूत_म
नाकारून काय साधतं? राज्यशास्त्रज्ञ टाली मेंडेलबर्ग यांनी २००१मध्ये मांडलं की वंशाचं नाव न घेता केलेलं सुप्त वांशिक आवाहन चालतं, उघड केलं की मतदार मागे हटतो. म्हणून बोट दाखवा. पण २००६मध्ये ह्यूबर आणि लॅपिन्स्की या अभ्यासकांना प्रयोगांत सुप्त आवाहन उघडपेक्षा जास्त परिणामकारक आढळलं नाही. २०१८च्या व्हॅलेंटिनो आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासाप्रमाणे तर उघड वांशिक भाषाही आता लोकांना पूर्वीसारखी खटकत नाही. मग बोट दाखवून तुम्ही जाहिरातीचीच जाहिरात करता.

कौलारू
हा तुमचा सगळ्यात वजनदार मुद्दा आहे आणि माझ्याकडे त्याला पूर्ण उत्तर नाही. पण 'मापाने पकडता येतं तिथेच थांबा' हे मी स्वीकारणार नाही. १९९०ची नॉर्थ कॅरोलिनातले गोरे रिपब्लिकन सिनेटर जेसी हेल्म्स यांची जाहिरात घ्या. प्रतिस्पर्धी हार्वे गँट, कृष्णवर्णीय. पडद्यावर दोन गोरे हात, नोकरी नाकारल्याचं पत्र चुरगाळतात. आवाज सांगतो, नोकरी तुम्हाला हवी होती, लायक तुम्हीच होतात, पण वांशिक कोट्यामुळे ती अल्पसंख्याकाला द्यावी लागली. इथे कोणाचा चेहरा गडद केलेला नाही, कोणाचं नाक वाढवलेलं नाही. शाईवाला, तुमचे तीन आकडे इथे कुठल्या जागी घेणार?

शाईवाला
कुठेच नाही. तिथे मोजायचं ते बाहेरच्या गोष्टींशी: त्या नोकरीचं, त्या पत्राचं, त्या कोट्याचं काही कागदपत्र जाहिरातदाराने दाखवलं का? हात कोणाचे आणि पत्र कोणत्या कंपनीचं तेच कळत नाही.