वनहक्कांवरचा अहवाल: पीडीएफ आधी की वेबपान?

खिळेजुळारी:
संस्थांनी अहवालाची मूळ प्रत वेबपानावर ठेवावी आणि पीडीएफ दुय्यम मानावी, असं माझं ठाम मत आहे. वनहक्क कायदा, 2006 खालच्या (वनजमिनीवरच्या हक्कांच्या) दाव्यांवरचा 120 पानी अहवाल घ्या. तो ज्यांच्यासाठी आहे ते मोबाइलवर वाचतात. ए-4 पान, दोन रकाने, 10 पॉइंटचा टाइप. दर ओळीला पान ताणायचं नि सरकवायचं. त्यात देवनागरीची वेगळीच गोची. पीडीएफमध्ये ऱ्हस्व वेलांटी बऱ्याचदा अक्षराआधी साठवली जाते, म्हणून 'समिती' शोधलं तर सापडत नाही. मजकूर कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टात (ज्यात इंग्रजी अक्षरांनाच मराठी रूप दिलेलं असतं) असेल, तर स्क्रीन रीडर, म्हणजे अंध वाचकांना मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, निव्वळ इंग्रजी अक्षरं वाचतो.

दप्तरबंद:
असहमत. पाड्यावर रेंज नसते, आणि दावे तपासणाऱ्या उपविभागीय समितीपुढे कागदच ठेवावा लागतो. 'पान 47, तक्ता 6' असं बोट दाखवता आलं पाहिजे. शिवाय निधी संपून डोमेनचे पैसे थकले की वेबपान गायब! दोष पीडीएफ बनवण्याच्या पद्धतीत आहे. शीर्षक नुसतं ठळक करू नका, वर्डमधली 'हेडिंग 1', 'हेडिंग 2' स्टाइल लावा. तक्त्यात सेल मर्ज करू नका, पहिली ओळ हेडर म्हणून नेमा. मग 'सेव्ह ॲज'मधून पीडीएफ काढा आणि पर्यायांत टॅगची (शीर्षक कुठलं, तक्ता कुठला हे सॉफ्टवेअरला सांगणाऱ्या लपलेल्या नोंदींची) खूण तपासा. 'प्रिंट टू पीडीएफ' केलंत की टॅग उडतात.

खिळेजुळारी:
टॅगमुळे शीर्षकं कळतात, वेलांटी जागेवर येत नाही. पीडीएफमधला एक परिच्छेद नोटपॅडमध्ये चिकटवून पाहा, तिथे जे दिसेल तेच स्क्रीन रीडरला मिळण्याची शक्यता जास्त. संदर्भासाठी पान क्रमांकच कशाला? परिच्छेदांना 4.1, 4.2 असे क्रमांक द्या, ते छापील प्रतीत आणि वेबपानावर सारखेच राहतात.

दप्तरबंद:
परिच्छेद क्रमांक मान्य, छापील प्रतीतही ते हवेतच. पण वेबपानाची एचटीएमएल फाइल व्हॉट्सॲपवर पाठवली की अनेकांना ती उघडायची कशी तेच कळत नाही. पीडीएफ एका टिचकीत उघडते. माणसं अहवाल एकमेकांना पाठवतात ते व्हॉट्सॲपवरच.

शिवारफेरी:
तुम्ही दोघं डब्यावरून भांडताय, आत काय कुठे ठेवलंय ते बघा. 'प्रकरण 4: विश्लेषण' या शीर्षकावरून वाचकाला काय कळणार? तिथे 'दावा फेटाळला तर 60 दिवसांत अपील कुठे करायचं?' असं लिहा. पहिल्या पानावर मुख्य मुद्दे, पुढे तीन पानी सारांश, संशोधनपद्धती परिशिष्टात. आकडे तालुक्याच्या नावानं अकारविल्हे लावा, म्हणजे माणूस थेट आपल्या तालुक्यावर जाईल. नकाशात मंजूर हिरवं आणि फेटाळलेलं लाल असं करू नका. काहींना त्यातला फरक दिसत नाही, आणि झेरॉक्समध्ये दोन्ही करडेच होतात. एकाला आडव्या रेघा द्या.

दप्तरबंद:
परिशिष्टाबद्दल माझा विरोध आहे. किती गावं, ती कशी निवडली, हे चार ओळींत पुढेच हवं. अधिकारी पहिला प्रश्न तोच विचारतो, आणि तेव्हा पानं चाळत बसलं की आकड्यांवरचा विश्वास तिथेच जातो.